भुरीला बांधलेला नाडा

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या घरात पान्ह्यापासून विळीपर्यंत सगळ्यांची पूजा होते, आणि त्या दिवशी मला मागच्या अंगणात जायची बंदी असते.

ही बंदी माझ्या सासूबाईंनी घातलेली नाही. नवऱ्यानेही नाही. ती घातली आहे माझ्या नणंदेच्या आतेसासूबाईंनी, ज्यांचा आमच्या अंगणाशी काडीचा संबंध नाही! तरी त्यांचा शब्द आमच्याकडे कोणी मोडत नाही. का मोडत नाही, तेच सांगते.

माझं माहेर यवतमाळकडचं एक एवढंसं गाव. नववीत शाळा सुटली (शाळेनेही फारसा आग्रह धरला नाही) आणि पुढे लग्न होऊन थेट रायपूरला, समता कॉलोनीत येऊन पडले. छत्तीसगड तेव्हा नुकतंच वेगळं राज्य झालं होतं आणि रायपूर त्याची राजधानी. शहरही नव्या नवरीसारखंच गोंधळलेलं होतं. आज हा रस्ता खोदून राहिले, उद्या तो. खोदता खोदता कुठली तरी केबल तुटायची आणि कुणाच्या तरी घरचे दिवे जायचे. त्या तुटलेल्या केबलींवर आमचा संसार चालत होता, कारण आमच्या ह्यांचा धंदा जनरेटर भाड्याने देण्याचा.

सासरची माणसं इतकी चांगली की मला झोप लागेना. खरं सांगते! माझ्या शिक्षणावरून कोणी एक शब्द बोललं नाही. पहिल्याच दिवशी गॅस भप्पकन पेटला आणि मी किंचाळत अंगणात पळाले, तर सासूबाई म्हणाल्या, "होते वं पोरी, मी बी अशीच पळाली होती." (साफ खोटं. त्या आयुष्यात कशालाच भिऊन पळालेल्या नाहीत.) अशा माणसांचं ऋण फेडायचं कसं? माझ्याजवळ द्यायला एकच गोष्ट होती, भक्ती. ती मी सढळ हाताने वाटत सुटले. मिक्सरला हळदीकुंकू, फ्रिजला हळदीकुंकू, टेलिफोनला रोज एक ताजं फूल. बाबूजी, म्हणजे माझे सासरे, एकदा घाईत "हॅलो" म्हणायला गेले आणि तोंडात झेंडू आला. थुंकून शांतपणे म्हणाले, "राँग नंबर असंन." एवढे चांगले लोक!

जनरेटरांमध्ये आमचा घरचा असा एक होता, चाकांच्या गाड्यावर बसवलेला, रंगाने राखाडी. सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं भुरी. लहानपणी त्यांच्याकडे याच रंगाची म्हैस होती, आणि सुरू करताना दोघी सारख्याच लाथा मारायच्या म्हणे.

एके दिवशी भुरी चालू असताना मी लांबून बघत होते. तिच्या अंगावर एक छोटा लोखंडी दांडा सारखा मान हलवत होता. थोडा पुढे, थोडा मागे. मी विचारलं, "अहो, हे काय आहे? हो हो करून राहिलं कोणाले?"

"तो गव्हर्नरचा दांडा," हे म्हणाले. "पंखे लागले, दिवे लागले, की मशीनवर लोड येते. लोड आला की मशीन दमते, तिचे फेरे कमी होतात. गव्हर्नर तिच्यासंगं पोटात फिरून राहिला असते, त्याले लगेच समजते. तो दांडा सरकवते न डिझेल वाढवते. दिवे बंद केले की मशीन मोकाट सुटाले पाह्यते, तवा तोच दांडा मागं घेते न डिझेल आखडते."

"कोणी सांगाले लागत नाही?"

"आपल्या आईले कोणी सांगते काय? पाव्हणे आले की जाळ वाढवते, गेले की कमी करते. तसंच."

मला भरून आलं. कुणी न सांगता सगळ्यांचं बघणारा, कमी-जास्त सांभाळणारा, वर पुन्हा सतत मान डोलावणारा! मी विचारलं, "म्हणजे हाच भुरीचा जीव म्हणा की."

"हाव, हाच जीव," असं म्हणून हे निघून गेले. (नवऱ्याने बायकोला उत्तर देताना थोडा वेळ थांबून विचार करावा, असं माझं मत आहे.)

त्या वर्षी दसऱ्याला माझ्या नणंदेचा, पिंकीचा, साखरपुडा ठरला. मुलगा प्रशांत पुरानी बस्तीतला. भोसल्यांच्या वेळेपासून रायपुरात असलेलं मराठी घराणं. आम्ही रेल्वेच्या नोकरीपायी आलेले, म्हणजे त्यांच्या मते कालपरवा स्टेशनवर उतरलेले! मुलगा राजी होता, मुलगी राजी होती, मुलाचे वडील तर जरुरीपेक्षा जास्त राजी होते. राजी व्हायच्या राहिल्या होत्या फक्त प्रशांतच्या ताराआत्या. आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय त्या घरात चहासुद्धा उकळत नसे. त्यांनी निरोप धाडला होता, "दसऱ्याला येऊन घर पाहू, घरची रीत पाहू. पटलं तर तिथेच अंगठी घालू. नाही पटलं तर सोनं देऊन घरी जाऊ."

पिंकीने आठवडाभर जेवण सोडलं होतं. "भाभी, अगर बुआजी ने ना बोल दिया तो?" असं ती मला दिवसातून शंभरदा विचारायची. आणि मी दर वेळी टेलिफोनला आणखी एक फूल वाहायची.

आदल्या दिवशी खंडेनवमी. सासूबाई लाडवांत बुडालेल्या. त्यांनी पूजेचं ताट माझ्या हातात दिलं. "यंदाची हत्यारांची पूजा तुह्या हातची. पण ध्यानात ठेव, पूजलं की सोनं वाटेपर्यंत कशालेच हात लावाचा नाही. न पान्हा, न विळी, न कैची. आपल्या घरचा नेम आहे." नेम इतका कडक की दसऱ्याची भाजीसुद्धा आधीच चिरून ठेवलेली असायची.

एवढा मान! मी पान्हे पुजले, पेचकस पुजले, विळी, कैची, चाकू सगळे एका पाटावर मांडून पुजले. मग भुरी. तिच्यापुढे नारळ फोडला. आणि मग प्रश्न आला, पूजेचा लाल नाडा बांधायचा कुठे? दर वर्षी सासूबाई हँडलला बांधत. पण मला तर आतली गोष्ट ठाऊक होती! जीव कुठे आहे ते ठाऊक असताना हँडलला काय बांधायचं?

मी दांड्याला नाडा बांधला. सुटू नये म्हणून चांगले वेढे दिले. घसरू नये म्हणून दुसरं टोक डिझेलच्या टाकीच्या लोखंडी पायाला ताणून बांधलं. आणि गाठ मारली ती माझ्या बाबांनी शिकवलेली बैलगाठ. ही गाठ ओढली की आवळत जाते. बैल दावणीसकट पळतो, पण गाठ सुटत नाही. वरून झेंडूचा हा एवढा हार घातला, त्यात नाडाही झाकला गेला न दांडाही. दांडा अगदी स्थिर झाला. मला वाटलं, प्रसन्न झाला.

संध्याकाळी हे म्हणाले, "आई, उद्या पाव्हणे येऊन राहिले, भुरीले जरा चालवून पाह्यतो."

"खबरदार! आज तिची पूजा झाली, आज तिले सुटी!"

आणि अशा रीतीने, आमच्या घरच्या नेमाने, जी चाचणी कधी चुकत नाही ती चुकली.

दसऱ्याला दिवेलागणीच्या वेळी पाहुणे आले. अंगणात मांडव, दोन बाजूंना मोठे हॅलोजन, बल्बच्या माळा, उभे पंखे. बाबूजींच्या ताब्यात टेपरेकॉर्डर आणि सनईची कॅसेट. ताराआत्या नऊवारीत, हातात रुमाल, नजर अशी की भिंतीचा रंग आपोआप सुकावा. मुहूर्त गुरुजींनी अगदी आखूड काढला होता. पिंकी पाटावर बसली, प्रशांत समोर बसला, आत्या म्हणाल्या, "हं, दाखवा बरं तुमची रीत," आणि नेमके दिवे गेले. राजधानीने कुठे तरी कुदळ मारली असणार!

"काही काळजी करू नका," हे अंधारात ऐटीत म्हणाले. "घरचीच व्यवस्था आहे."

मी सासूबाईंच्या कानात पुटपुटले, "आई, पण पूजल्यावर हात लावाचा नाही ना?"

सासूबाईंनी क्षणभरच विचार केला. "भुरी काय हत्यार आहे? ते जनावर आहे. जनावराले नेम नाही."

भुरी सुरू झाली. दिवे लागले. सगळ्यांनी "वा!" म्हटलं. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुणी तरी मिक्सर लावला, कुणी पाण्याची मोटर लावली, मांडवातले सगळे पंखे फिरू लागले, आणि भुरी दमली. बल्ब पिवळे, मग नारिंगी, मग विडीच्या टोकासारखे. पंखे आजाऱ्याला वारा घातल्यासारखे हळूहळू फिरू लागले. सनई इतकी संथ रडायला लागली की आमच्या एका मावशींनी, साखरपुडा असूनही, डोळ्यांना पदर लावला.

"लोड जास्ती झाला! कमी करा, कमी करा!" हे मागून ओरडले.

आमचं घर आज्ञाधारक. सगळ्यांनी एकदम सगळं बंद केलं. मिक्सर बंद, मोटर बंद, हॅलोजन बंद. आणि भुरी सुटली! भर्रर्रर्र! बल्ब पांढरेफटक. चालू राहिलेला एकुलता एक पंखा विमानासारखा फिरायला लागला आणि त्याने समोरच्या ताटातलं कुंकू सगळंच्या सगळं उचलून प्रशांतच्या वडिलांवर नेऊन टाकलं. नखशिखान्त! सनई तर अशी पळायला लागली की जणू वरात मागे राहिली आहे आणि वाजंत्री घरी निघालेत.

"वाढवा! लोड वाढवा!"

सगळ्यांनी सगळं लावलं. पुन्हा विडीचं टोक.

"अबे एकदम नाही! कमी करा!"

सगळ्यांनी सगळं काढलं. फट्! एक बल्ब फुटला. फट्! दुसरा.

"ये क्या हो रहा है?" ताराआत्या उठून उभ्या राहिल्या. "साखरपुड्याचं घर आहे की मीनाबाजार? आमच्याकडे पुरानी बस्तीत समईवर साखरपुडे झाले, कधी एक वात विझली नाही! शुभ कामात बत्ती फुटते, हा काय शकुन झाला?"

पिंकी माझा हात धरून रडकुंडीला आली. "भाभी, कुछ करो ना!"

आता मी काय करणार? मला एकच गोष्ट येत होती. मी धावत मागच्या अंगणात गेले. हे पुढे बटणांच्या बोर्डापाशी ओरडत होते, भुरीजवळ कोणी नव्हतं. हाराखाली हात घातला तर नाडा थरथरून जरा सैल झालेला! मला एकदम उलगडा झाला. म्हणूनच कोप झाला! मी डोळे मिटले, "चुकलं असंन तर माफ कर वं माय" म्हटलं, आणि आणखी एक वेढा देऊन गाठ करकचून ओढली.

दांडा सरकला, डिझेलच्या बाजूला.

त्यानंतर भुरीने जो हंबरडा फोडला तो तेलीबांध्याच्या तळ्यापर्यंत गेला असेल. काळा धूर, थरथरणारा गाडा, मांडवात फट् फट् फट्! हे धावत आले. बंद करायला गेले तर दांडा जागचा हलेना. "हालून नाही राहिला! गव्हर्नर जाम झाला!" म्हणत त्यांनी हार उचलला आणि तसेच थिजले.

"हा नाडा कोणं बांधला?"

तोवर अर्धा मांडव मागे जमला होता, आत्यांसकट. मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या.

"मी," त्या म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे मात्र गाठीकडे निरखून बघत होते. "आई, ही बैलगाठ आहे. तुले थैलीची गाठ मारता येत नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सवयीने नमस्कार केला.

"कापा ना मग!" प्रशांत म्हणाला. जावई समजूतदार होता.

"हाव! कैची आणा!" हे म्हणाले.

"कैची?" ताराआत्यांनी भुवई उचलली. "काल पुजली ना? सोनं वाटायच्या आधी पूजलेलं हत्यार उचलता? अशी रीत आहे तुमच्याकडे?"

सासूबाईंचा चेहरा पडला. रीत पाहायलाच तर आत्या आल्या होत्या! कैची पाटावर, चाकू पाटावर, विळी पाटावर. घरातली सगळी धार झेंडूखाली गेलेली. सोनं आधी वाटावं तर गुरुजी म्हणाले, सोनं वाटेपर्यंत मुहूर्त निघून जाईल. प्रशांतच्या कुंकवाने माखलेल्या वडिलांनी खिशातून लायटर काढला. "जाळून टाकू का?"

"डिझेल आहे, डिझेल!" असं आम्ही सगळे एका सुरात ओरडलो. त्या दिवशी आमच्या घराचं एकमत झालं ते तेवढंच.

"डिझेलचा कॉक बंद करून टाक," माझे सासरे म्हणाले.

"तर मशीन हवा घेईन. ते हवा काढेपर्यंत अंधारात बसा मग!" ह्यांनी गाठीशी झटापट करून दांडा बोटभर मागे आणला, त्याहून तो सरकेना. मग घाम पुसला आणि म्हणाले, "आता एकच उपाय. गव्हर्नर बांधला गेला ना? तर गव्हर्नर आपण बनू. डिझेल आता एवढंच राहीन, लोड आपण सांभाळू. आवाज चढला की थोडं लावा, बसला की थोडं काढा. पण एकानंच सांगाचं! बाकीचे फक्त ऐका."

"कोण सांगेल?"

मांडवात परतल्यावर बोर्डाच्या सगळ्यात जवळ ताराआत्या उभ्या होत्या. ह्यांनी हात जोडले. "आत्याबाई, तुमीच."

"मी? मी पाव्हणी आहे!"

तेवढ्यात भुरीचा आवाज चढला. आत्यांचा हात आपोआप बटणावर गेला. एक हॅलोजन लागला आणि आवाज खाली आला. आत्यांनी बटणाकडे पाहिलं. मग भुरीच्या दिशेने पाहिलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज चढलं.

आयुष्यभर कुणाचा आवाज चढला की दाबायचा आणि कुणाचा बसला की ओरडून उठवायचा, हेच त्यांनी केलं होतं. याच कामासाठी जणू त्यांचा जन्म होता! "ए मोटरवाले, आता लाव! मिक्सर, तू बंद! अरे बंद म्हणजे बंद! भाऊ, तुम्ही त्या पंख्यापाशी उभे राहा, मी मान हलवली की लावा." प्रशांतचे वडील मुकाट्याने पंख्यापाशी जाऊन उभे राहिले. त्यांना सवय दिसली.

मला काम दिलं नाही. "तू फक्त उभी राह," हे म्हणाले, "आन कशालेच नमस्कार करू नको."

बल्ब थोडे डोलत होते, पण फुटेनासे झाले. सनई किंचित गात, किंचित झोपत चालू राहिली. गुरुजींनी मंत्र उरकले आणि प्रशांत अंगठी हातात घेऊन थांबला. आत्यांच्या होकारासाठी! पिंकीने श्वास रोखला. मी रोखला. सासूबाईंनी रोखला.

"अरे बघतो काय?" बटणावरून नजर न काढता आत्या कडाडल्या. "घाल ना बेटा जल्दी! मशीन चढून राहिली, मी किती वेळ धरून ठेवू?"

अंगठी गेली. टाळ्या झाल्या. (टाळ्यांच्या नादात कुणी तरी मोटर बंद केली आणि शेवटचा बल्ब फुटला, पण आता तो शुभ होता.)

मग घाईघाईने आपट्याची पानं वाटली, कैची मोकळी झाली आणि ह्यांनी नाडा कापला. दांड्याने एकदा आळस दिल्यासारखं केलं आणि पुन्हा सवयीने मान डोलवायला लागला. हॅलोजन झळझळीत, पंखे एकसारखे, सनई सुरात. आत्यांनी उगीच एक बटण दाबून पाहिलं. उजेड तसूभर हलला नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

"बस? आता आपोआप?" त्या हिरमुसून म्हणाल्या.

जेवताना सासूबाई त्यांना म्हणाल्या, "आत्याबाई, पोरगी लेकरू आहे, साधी आहे. तिच्या मनात वाईट नव्हतं."

"ते दिसलंच," आत्या म्हणाल्या. "तुम्ही तिच्यासाठी खोटं बोललात, तेही दिसलं. सुनेला असं झाकणारं घर पाहायलाच आले होते मी." मग माझ्याकडे वळल्या. "पण तू! यापुढे खंडेनवमीला मागच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. समजलं?"

"हव," मी म्हटलं. घाबरले की मला छत्तीसगढी छान येते.

आता पिंकीचा संसार सुखाचा चालला आहे. भुरी थकली, पण आहे. आणि दर खंडेनवमीला ताराआत्या सकाळीच पुरानी बस्तीतून येतात, चहा पितात, लाल नाड्याचं एक टोक माझ्या मनगटाला बांधतात आणि दुसरं स्वयंपाकघराच्या दाराला. गाठ काही केल्या सुटत नाही. सुटणार कशी? बैलगाठ आहे. पहिल्या वर्षी त्यांना नीट जमेना, तेव्हा मीच शिकवली. एवढे त्यांचे उपकार, आपण काही तरी द्यायला नको का?